पोलादालाही हवी हालायला जागा

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना धातूच्या प्रसरणाचा धडा नव्याने शिकवण्याची गरज नाही. धाव मुद्दामच चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान घडवलेली असते. लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद तापवतो. तापली की ती वाढते आणि चाकावर सहज बसते. मग तिच्यावर पाणी ओतले जाते. धाव आकसते आणि लाकडाला अशी आवळून धरते, की पुढे कित्येक वर्षे ती जागची हलत नाही. ही पकड येते कुठून? लोखंड आकसू पाहते आणि आतले लाकूड त्याला आकसू देत नाही, यातून ती येते. धातूची ही ताकद लोहाराने कामाला लावली. पण हीच ताकद नको तेथे उभी राहिली, तर ती काय करू शकते, याची कल्पना गाडीच्या चाकाकडे पाहून येत नाही. त्यासाठी वाळवंटात उभारलेल्या सौर औष्णिक वीज केंद्रांकडे पाहावे लागते.

सौर ऊर्जा म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर निळ्याकाळ्या पट्ट्यांचे पॅनेल येते. ते प्रकाशाचे थेट विजेत रूपांतर करते. सौर औष्णिक केंद्राची रीत वेगळी आहे. तेथे आरशांनी ऊन एकवटून तेल, पाणी किंवा वितळलेले क्षार तापवतात, त्या उष्णतेवर वाफ करतात आणि वाफेवर जनित्र फिरवतात. कोळशाच्या केंद्रात भट्टी असते, येथे तिच्या जागी आरसे असतात, एवढाच मुख्य फरक. या रीतीचा मोठा फायदा म्हणजे उष्णता साठवून ठेवता येते आणि सूर्य मावळल्यावरही वीज मिळते. मात्र, कोळशाची भट्टी एकदा पेटली की महिनोन्‌महिने तापलेली ठेवता येते. सूर्याची भट्टी रोज सकाळी पेटते, रोज संध्याकाळी विझते आणि मधे एखादा ढग आला तर भर दुपारीही मंदावते. केंद्रातील प्रत्येक नळी, सांधा आणि टाकी त्यामुळे पुनःपुन्हा वाढते आणि आकसते. दिवसाला एकच आवर्तन धरले तरी २५-३० वर्षांच्या आयुष्यात अशी सुमारे दहा हजार आवर्तने होतात. सौर औष्णिक तंत्राची खरी परीक्षा येथेच होते.

धरून ठेवावे की सोडून द्यावे?

प्रसरणाला तोंड देण्याचे दोन मार्ग आहेत. दोन्ही आपल्या रेल्वेने वापरले आहेत. पोलादाची एक मीटर लांबी एका अंशाने तापली, तर ती मिलिमीटरच्या सुमारे बारा हजारांशाने वाढते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण १३ मीटरचा रूळ हिवाळ्यातील पहाटेपासून उन्हाळ्यातील दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला, तर त्याची लांबी सहा मिलिमीटरने वाढते. म्हणून पूर्वी दोन रुळांमध्ये फट सोडत असत. जुन्या प्रवासाची ती लयबद्ध खडखड या फटींचीच होती. हा झाला सोडून देण्याचा मार्ग.

पुढे रूळ एकमेकांना वेल्डिंगने जोडून सलग करण्यात आले आणि खडखड थांबली. मग प्रसरण गेले कुठे? ते कुठेच गेले नाही. स्लीपर आणि खडी यांनी रुळाला इतके घट्ट धरलेले असते, की त्याला वाढताच येत नाही. वाढण्याची ओढ ताणाच्या रूपाने पोलादातच कोंडून राहते. रूळ बसवतानाचे तापमान नीट निवडले, तर नंतरचा फरक तीस-चाळीस अंशांच्या आसपासच राहतो. तेवढ्या फरकाने निर्माण होणारा ताण रुळाच्या पोलादाच्या सहनशक्तीच्या बराच आत असतो. हा झाला धरून ठेवण्याचा मार्ग.

सौर केंद्रातील नळीला हा दुसरा मार्ग मोकळा नाही, कारण तेथे फरक तीस-चाळीस अंशांचा नसून साडेतीनशे अंशांहून अधिक असतो. स्टेनलेस स्टीलची नळी दोन्ही टोकांना अचल धरून तेवढी तापवली, तर गणिताने येणारा ताण त्या पोलादाच्या सहनशक्तीच्या पाचपटीहून अधिक भरतो. अर्थात, इतका ताण प्रत्यक्षात निर्माण होण्याआधीच नळी वाकते, आधार उखडतात किंवा सांधा फाटतो. त्यामुळे अभियंत्यापुढे एकच पर्याय उरतो. पोलादाला हालायला जागा द्यायची, आणि ती नेमकी कोठे, कोणत्या दिशेने व किती द्यायची, हे आधी ठरवून ठेवायचे.

दीडशे मीटरची पन्हळ

सौर औष्णिक केंद्रांचा सर्वांत रुळलेला प्रकार पन्हळीसारख्या आरशांचा. अन्वस्ताच्या आकारात वाकवलेल्या आरशांची एक लांबच लांब पन्हळ सूर्यामागे फिरत राहते आणि तिच्या मध्यरेषेवरील नळीवर ऊन एकवटते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मोहावी वाळवंटात १९८४ ते १९९० या काळात अशी नऊ संयंत्रे उभी राहिली. 'सेग्ज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समूहाची क्षमता ३५४ मेगावॅट होती. त्यांतील बहुतेक संयंत्रे आता निवृत्त झाली आहेत. पण या तंत्राला आज जे व्यवहारज्ञान आहे, त्याचा मोठा भाग तेथे मिळालेल्या अनुभवांचा आहे.

अशा केंद्रातील ग्राहक नळी चार मीटर लांबीच्या तुकड्यांची असते. आत सुमारे ७० मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी, तिच्यातून वाहणारे कृत्रिम तेल, बाहेर काचेचे आवरण आणि दोहोंच्या मध्ये निर्वात पोकळी, अशी तिची रचना आहे. थर्मासच्या बाटलीप्रमाणे ही पोकळी उष्णता बाहेर पडू देत नाही. तेल २९० अंशांच्या आसपास आत येते आणि रांगेच्या शेवटी सुमारे ३९० अंशांना बाहेर पडते.

आता हिशेब करू. स्टेनलेस स्टील साध्या पोलादापेक्षा जास्त वाढते. चार मीटरचा एक तुकडा उभारणीच्या वेळच्या तापमानापासून कामाच्या तापमानापर्यंत जाताना सुमारे अडीच सेंटीमीटर वाढतो. अनेक केंद्रांत दीडशे मीटर लांबीची पन्हळ हा एक घटक असतो. तिला फिरवणारे यंत्र बरोबर मध्यभागी बसवतात आणि नळीही तेथेच पक्की धरतात. म्हणजे प्रत्येक बाजूला ७५ मीटर नळी मोकळी राहते आणि तिचे टोक सुमारे ४५ सेंटीमीटर पुढे सरकते. हातभर लांबीची ही हालचाल डोळ्यांना स्पष्ट दिसते.

मधला बिंदू पक्का आणि बाकी सारे मोकळे, हे या रचनेचे पहिले सूत्र. नळी एका टोकाला धरली असती, तर दुसऱ्या टोकाला दुप्पट सरकावे लागले असते. दुसरे सूत्र आधारांचे. नळीला तोलून धरणाऱ्या बारीक कमानी खाली बिजागरीवर बसवलेल्या असतात. थंड असताना त्या मध्याकडे किंचित झुकलेल्या दिसतात. नवख्या माणसाला वाटावे, की उभारणी करणाऱ्यांनी हयगय केली; पण हा कल मोजून दिलेला असतो. नळी तापून वाढू लागली की कमानी तिच्याबरोबर सरळ होत जातात आणि ऐन कामाच्या तापमानाला ताठ उभ्या राहतात. नळी आरशाच्या नाभिरेषेवर नेमकी असणे सर्वांत गरजेचे असते तेही त्याच वेळी.

सरकणारे टोक पुढे जमिनीवरील स्थिर नळ्यांना जोडायचे, हा त्याहून अवघड भाग. हे टोक लांबीने वाढते आणि पन्हळीबरोबर दिवसभर फिरतही असते. मोहावीत सुरुवातीला त्यासाठी धातूच्या लवचिक नळ्या वापरल्या होत्या. एखादी तार पुनःपुन्हा इकडून तिकडे वाकवली की ती तुटते, हे आपण सर्वांनी करून पाहिले आहे. धातुश्रांतीचा हा नियम लवचिक नळ्यांनाही चुकला नाही. तुटलेल्या नळीतून चारशे अंशांच्या जवळपास तापलेले ज्वालाग्राही तेल बाहेर पडणे, याचा अर्थ आगीला निमंत्रण. १९९० च्या दशकात तेथील तंत्रज्ञांनी त्यांच्या जागी बॉल जॉइंट बसवले. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा हा गोलाकार सांधा कोणत्याही दिशेला वळतो, पण त्यातील धातू वाकत नाही. तेलाला होणारा अडथळाही कमी झाला, ही जमेची बाजू.

काच आणि पोलाद यांचे अवघड लग्न

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आतली पोलादी नळी अडीच सेंटीमीटर वाढत असताना बाहेरची काच किती वाढते? बोरोसिलिकेट काचेचे प्रसरण स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढे. शिवाय निर्वात पोकळीमुळे ती फारशी तापतही नाही. तिची वाढ एक मिलिमीटरही भरत नाही. तरीही हे दोघे टोकाशी एकमेकांना हवाबंद जोडलेले असले पाहिजेत, कारण पोकळीत हवा शिरली की उष्णता बाहेर पळू लागते.

यावरचा उपाय हार्मोनियम पाहिलेल्या कोणालाही समजेल. पेटीच्या भात्याप्रमाणे चुण्या असलेली पातळ धातूची नळी, म्हणजे बेलोज, पोलाद आणि काच यांच्यामध्ये बसवतात. पोलाद वाढले की भाता दबतो, आकसले की उलगडतो, आणि काचेला त्याचा पत्ताही लागत नाही. या मोकळेपणाची किंमत मात्र मोजावी लागते. भात्याच्या भागावर पडलेले ऊन कामी येत नाही आणि नळीच्या लांबीतील चार-पाच टक्के भाग त्यातच जातो.

भाता असूनही काच जेथे धातूला चिकटते, तो काठ उरतोच. तापल्यावर दोन वस्तू वेगवेगळ्या प्रमाणात वाढत असतील, तर त्यांच्या सीमेवर ताण येणारच. काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतल्यावर पेला तडकतो, तो आतला थर आधी वाढतो आणि बाहेरचा मागे राहतो म्हणून. मोहावीतील जुन्या नळ्यांमध्ये धातूची कड अतिशय पातळ करून काचेत रुतवलेली होती. पातळ कड थोडी वाकून फरक पोटात घालील, ही कल्पना. पण सूर्य तिरपा असताना एकवटलेले ऊन थेट या सांध्यावर पडले, की तेवढाच भाग भलताच तापे. तेथील काचा फुटण्याचे आणि निर्वातता जाण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. सांध्यावर ऊन पडू नये म्हणून धातूच्या ढाली बसवण्यात आल्या. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीच्या शॉट कंपनीने मुळालाच हात घातला. सांध्यातील मिश्रधातूइतकीच वाढणारी काच तिने तयार केली. दोघेही सारखेच वाढत असतील, तर भांडण उरतेच कुठे?

हा खटाटोप कशासाठी, हे संख्येवरून कळते. स्पेनमध्ये ग्रॅनडाजवळ २००८ च्या अखेरीस सुरू झालेल्या आंदासोल-१ या ५० मेगावॅटच्या एकाच केंद्रात अशा २२ हजारांहून अधिक नळ्या आहेत. प्रत्येक नळीला दोन टोके. म्हणजे काच आणि धातू यांचे सुमारे ४५ हजार सांधे. त्यांतला प्रत्येक सांधा रोज या परीक्षेला बसतो.

एका अंगाने तापणारी नळी

आतापर्यंत आपण असे गृहीत धरले, की नळी सगळीकडून सारखी तापते. वास्तविक ऊन तिच्या एकाच अंगावर एकवटलेले असते. तापलेले अंग जास्त वाढते, थंड अंग कमी, आणि नळी धनुष्यासारखी वाकते. आतून तेल जोरात वाहत असेल, तर ते उष्णता सगळीकडे सारखी वाटून टाकते आणि बाक नगण्य राहतो. प्रवाह मंदावला की धोका सुरू होतो. वाकलेली नळी काचेला टेकली, की तेथे काच फुटते.

तेलाऐवजी नळीतच पाण्याची वाफ करायची ठरवली, तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. पाणी तळाशी आणि वाफ वर, असे दोन थर पडले की नळीचा ओला भाग थंड राहतो आणि कोरडा भाग तापतो. स्पेनमधील आल्मेरियाच्या सौर चाचणी केंद्रात १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच प्रश्नाचा सखोल अभ्यास सुरू झाला. पाण्याचा वेग आणि दाब योग्य राखला, तर हा फरक आटोक्यात ठेवता येतो, हे त्यातून दिसले.

दुसरा प्रकार मनोऱ्याचा. हजारो आरसे जमिनीवरून सूर्याचा माग घेत आपले ऊन एका उंच मनोऱ्याच्या माथ्यावर फेकतात. तेथील नळ्यांवर शेकडो सूर्यांइतका प्रकाश पडतो. या नळ्यांच्या पट्ट्या वरून टांगलेल्या असतात, जेणेकरून त्यांना खाली मोकळेपणी वाढता यावे. त्यांना खरा त्रास ढगांचा. ढग आला की काही क्षणांत तापमान कोसळते, आणि तो सरकला की तितक्याच वेगाने चढते. म्हणून ढग येताच नियंत्रण कक्षातून आरशांची दिशा बदलतात आणि तो गेल्यावर ते सगळे एकदम नव्हे, तर टप्प्याटप्प्याने परत आणतात. काही मिनिटांची वीज गमवावी लागते, पण नळ्यांचे आयुष्य वाढते.

मनोऱ्यात बहुधा सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचे वितळलेले मिश्रण वाहते. ते ५६५ अंशांपर्यंत तापवता येते. पण सुमारे २४० अंशांखाली ते गोठू लागते. त्यामुळे रात्री मनोऱ्यातील नळ्या रिकाम्या करतात आणि सकाळी क्षार चढवण्यापूर्वी थोड्या आरशांच्या उन्हावर त्या आधी शेकून घेतात. येथे एक गंमत आहे. पाण्याची नळी फुटते ती पाणी गोठताना, कारण बर्फाला जास्त जागा लागते. या क्षारांचे उलट आहे. ते वितळताना फुगतात. नळीत गोठलेला क्षार टोकाकडून वितळवत आणण्याऐवजी घाईने मधेच तापवला, तर दोन्ही बाजूंनी कोंडलेला द्रव नळी फोडू शकतो.

टाकीचा तळ

आता या कथेतील सर्वांत महागडा भाग. सौर औष्णिक तंत्र आणि पॅनेल यांची स्पर्धा पॅनेलने भावाच्या बळावर केव्हाच जिंकली आहे. औष्णिक तंत्राकडे उरलेले मोठे बलस्थान म्हणजे साठवण. तापलेले क्षार टाकीत भरून ठेवावेत आणि दिवेलागणीला, जेव्हा विजेची मागणी वाढते आणि पॅनेल निकामी होतात, तेव्हा ते वापरावेत. स्पेनमध्ये सेव्हिल प्रांतात २०११ मध्ये सुरू झालेल्या हेमासोलार या सुमारे २० मेगावॅटच्या केंद्राने १५ तासांच्या साठवणीच्या बळावर चोवीस तास वीज देऊन दाखवली. पण टाकीच भरवशाची नसेल तर?

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात टोनोपाजवळ क्रेसेंट ड्यून्स हे ११० मेगावॅटचे मनोरा-केंद्र २०१५ च्या अखेरीस सुरू झाले. सुमारे दहा हजार आरसे, १९५ मीटर उंचीचा मनोरा आणि दहा तासांची साठवण, असा त्याचा थाट होता. अमेरिकी सरकारने त्यासाठी ७३.७ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी घेतली होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच्या तप्त टाकीतून क्षार गळू लागले. जुलै २०१७ पर्यंत केंद्र बंद राहिले. २०१९ मध्ये टाकीने पुन्हा दगा दिला, वीज घेणाऱ्या कंपनीने करार रद्द केला आणि २०२० मध्ये केंद्राच्या मालक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे हे केंद्र नव्या व्यवस्थापनाखाली पुन्हा चालू करण्यात आले. पण अमेरिकेतील या तंत्राच्या प्रतिष्ठेला बसलेला धक्का सहज भरून येणारा नव्हता.

तेथे काय घडत असावे, ते समजण्यासाठी पुन्हा हिशेब करू. टाकीचा व्यास सुमारे ४२ मीटर. साध्या तापमानापासून ५६५ अंशांपर्यंत जाताना स्टेनलेस स्टीलचा हा तळ व्यासात सुमारे ४० सेंटीमीटर वाढतो. तळाचा पत्रा काही मिलिमीटर जाडीचा, आणि त्याच्यावर हजारो टन क्षारांचा भार. पत्रा पायावरून सरकत बाहेर पसरला पाहिजे. पण एवढ्या वजनाखाली घर्षण त्याला सरकू देत नाही. म्हणजे ज्या पत्र्याला आपण मोकळा समजलो, तो प्रत्यक्षात धरलेलाच असतो. पहिल्या वेळी टाकी रिकामी असताना काही दिवस घेऊन सावकाश तापवतात, ती याचसाठी. पण पुढेही एखाद्या दिवशी ठरल्यापेक्षा थंड किंवा तप्त क्षार टाकीत आले, की तळाचा एक भाग वाढतो, शेजारचा वाढत नाही, आणि पत्र्याला फुगवटे येतात. वेल्डिंगच्या रेषांमध्ये जोडणीच्या वेळचा ताण आधीच दडलेला असतो. त्यात या आवर्तनांची भर पडली की एखादी रेषा उसवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तप्त टाक्यांच्या बिघाडांकडे विशेष लक्ष वेधले होते. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये मोरोक्कोतील वारझाझात येथील १५० मेगावॅटचे नूर-३ हे केंद्रही तप्त टाकीतील गळतीमुळे बंद ठेवावे लागल्याचे जाहीर झाले. प्रश्न एखाद्या केंद्रापुरता नाही, हे यावरून उघड होते.

उपाय माहीत आहेत. तळाखाली घर्षण कमी करणारा थर द्यायचा, पत्रा पुरेसा जाड ठेवायचा, वेल्डिंगनंतरचा ताण काढून टाकायचा, आत येणारा क्षार सगळीकडे सारखा पसरवायचा आणि तापमान बदलण्याच्या वेगाला मर्यादा घालायची. यांतील शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. वीज विकण्याची घाई असलेल्या केंद्राला 'सावकाश' हा शब्द परवडत नाही. पण घाईची किंमत शेवटी टाकीच वसूल करते.

आपल्याकडे

भारतात २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या टप्प्यात सौर औष्णिक विजेचे एकूण ४७० मेगावॅटचे सात प्रकल्प मंजूर झाले. प्रत्यक्षात त्यांतील मोजकेच पूर्ण झाले. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातील नोख येथे ५० मेगावॅटचे पन्हळी आरशांचे केंद्र २०१३ मध्ये, तर धुरसर येथे सपाट आरशांच्या रांगांवर थेट वाफ करणारे केंद्र २०१४ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या आयआयटीने गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथे एक मेगावॅटचे संशोधन-संयंत्र उभारले. त्यात पन्हळीतील तेल आणि रांगांवरील थेट वाफ, हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवण्यात आले.

वीजनिर्मितीपेक्षा आपल्याकडे एकवटलेल्या उन्हाचा उपयोग वाफेसाठी अधिक सहजपणे रुजला. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ सौर तबकड्या बसवण्यात आल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचे अन्न शिजू लागले. शेफलर पद्धतीच्या या तबकड्यांचे वैशिष्ट्य असे, की तबकडी फिरली तरी तिचे केंद्र एकाच जागी राहते. वाफ करणारा भाग स्थिर असल्याने तप्त नळ्यांना फिरते सांधे लागत नाहीत. लातूरच्या महानंद दुग्धशाळेत दुधाच्या पाश्चरीकरणासाठी उभारलेल्या 'अरुण' तबकडीची रीत वेगळी आहे. आयआयटी मुंबईच्या सहभागातून विकसित झालेल्या, १६० चौरस मीटरच्या या तबकडीबरोबर तिचा ग्राहकही फिरतो. तेथे हलते सांधे ओघानेच आले.

वाफेच्या नळ्यांना प्रसरण मात्र कुठेही चुकत नाही. दीडशे अंशांच्या वाफेची साधी पोलादी नळी दर दहा मीटरला सुमारे दीड सेंटीमीटर वाढते. म्हणून लांब नळीला मधूनमधून इंग्रजी 'यू' अक्षरासारखे वळण देतात. तेलशुद्धीकरण कारखान्याजवळून जाताना सरळ चाललेल्या नळ्या अचानक वर चढून, आडव्या जाऊन पुन्हा खाली उतरलेल्या अनेकांनी पाहिल्या असतील. पाहणाऱ्याला तो निष्कारण वळसा वाटतो. खरे तर नळीला वाढण्यासाठी राखून ठेवलेली ती जागा असते. एखाद्या कारखान्याने किंवा वसतिगृहाने सौर वाफेची यंत्रणा बसवताना दरपत्रकातून असे वळसे, सरकते आधार आणि बेलोज 'खर्च वाचवण्यासाठी' गाळले, तर तो खर्च पुढे गळक्या सांध्यांच्या रूपाने परत येतो. यंत्रणा घेणाऱ्याने विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: नळी कोठे पक्की धरली आहे, ती कोणत्या बाजूला वाढणार आहे, आणि तेथे किती जागा सोडली आहे? त्यांची उत्तरे तयार नसतील, तर आरसे कितीही लखलखीत असोत, यंत्रणेचा पाया कच्चाच समजावा.

सूर्याचे ऊन फुकट असते, हे खरे. ते रोज येते आणि रोज जाते, ही त्याची अट मात्र कोणालाही बदलता येत नाही. आरसे अधिक चकचकीत करणे किंवा तापमान आणखी वाढवणे हे काम नजरेत भरणारे आहे. झुकलेल्या कमानी, चुण्यांचे भाते आणि टाकीखालचा वाळूचा थर यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण वाळवंटातील अब्जावधींची केंद्रे दहा हजार दिवस उभी राहतात की अवघ्या काही वर्षांत बंद पडतात, हे ठरते ते या उपेक्षित गोष्टींवर. धाव चढवणाऱ्या लोहाराला लोखंड किती वाढेल आणि किती आकसेल, याचा अंदाज हाताशी असावा लागे. तो चुकला तर चाक वाया जाई. आजच्या अभियंत्याकडे संगणक आहे, पण अंदाज त्यालाही तोच बांधायचा आहे.